तीनशे गिनींची बोली

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी काही मनधरणी करणार नाही. पण ज्यांच्यावर हे बेतलं ते माझे सख्खे मामा, एडविन लॅस्कम. आणि चित्रांच्या किमती सोडल्या तर मामांनी आयुष्यात कशाचीच थाप मारली नाही.

१८५७ साल. नोव्हेंबरातला मंगळवार.

लंडनात त्या दिवशी इतकं धुकं होतं की दुपारी तीनलाच दिवे लावावे लागले. सोहोतल्या एका लिलावघरात जोसेफ थर्कल यांची चित्रं विकायला निघाली होती. थर्कल तीन आठवड्यांपूर्वी वारले होते. मामा वीस वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात.

थर्कलांकडे एकच चित्र खरं मोलाचं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा डच चित्रकाराचं, वीतभर फळीवर काढलेलं. खिडकीपाशी मासे साफ करणारी बाई.

मरायच्या आदल्या दिवशी थर्कलांनी मामांचा हात धरला होता.

"एडविन, माझ्या पोरीला, लेटीला, माझ्यामागे दुसरा आधार नाही. हे चित्र तीनशे गिनींच्या खाली जाऊ देऊ नकोस. कोणी बोललं नाही तर तू बोल. मोठ्याने बोल."

"बोलेन," मामा म्हणाले.

आणि मामा बोलले नाहीत.

का, ते सांगतो. आमच्या चित्रांच्या दलालीच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. चार-पाच दलाल आधीच संगनमत करतात. लिलावात एकानेच बोली लावायची, बाकीच्यांनी मूग गिळून बसायचं. माल मातीमोल भावात पदरात पडतो. मग संध्याकाळी एखाद्या खानावळीच्या माडीवर त्याच मालाचा खरा लिलाव, आपसात. वरचा नफा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. त्या टोळीत शिरायला मामा कित्येक वर्षं धडपडत होते, आणि नेमकं त्याच दिवशी त्यांना आत घेतलं होतं.

टोळीचा म्होरक्या ग्रिंडले. त्याने बावीस गिनींची बोली लावली.

लिलाववाला थांबला. त्याने सभोवार पाहिलं. मामांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मामा म्हणायचे.

मामांनी मान खाली घातली.

हातोडा पडला.

पाच वाजता, मामा धरून, पाचही जण खानावळीच्या माडीवर जमले. मटणाचा रस्सा आला, बिअर आली. ग्रिंडलेने ते चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि आपली टोपी टेबलावर उलटी केली.

"काय रे लॅस्कम, तोंड का पाडलंयस? पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. दोन घोट घे, बरं वाटेल."

पद्धत सोपी होती. प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा लिहायचा, खाली नाव, आणि घडी करून टोपीत टाकायची. ज्याचा आकडा मोठा, त्याचं चित्र. मामांनी ऐंशी लिहिलं. चिठ्ठी टाकली.

ग्रिंडलेने एकेक उघडली. साठ. पंचाहत्तर. पन्नास. ऐंशी. सत्तर.

टोपीत अजून एक चिठ्ठी होती...

माणसं पाच. चिठ्ठ्या सहा.

ग्रिंडलेने ती उघडली आणि खो खो हसत सुटला. "तीनशे! कोण रे हा लाटसाहेब? अरे, लॅस्कम! दोन-दोन चिठ्ठ्या टाकतोस होय? आणि आकडा बघा पठ्ठ्याचा!"

मामांनी चिठ्ठी हातात घेतली. अक्षर त्यांचं. सही त्यांची. 'एल'च्या शेपटीचा तो झोकसुद्धा त्यांचाच.

"मी नाही लिहिली," मामा म्हणाले.

"मग काय तुझ्या आजीने लिहिली?" पोलार्ड नावाचा सडपातळ दलाल म्हणाला. "बरं, पुन्हा टाका. आणि ह्याच्याकडे लक्ष ठेवा."

पुन्हा चिठ्ठ्या. सगळ्यांच्या नजरा मामांच्या बोटांवर. एकच चिठ्ठी, सगळ्यांदेखत टाकली.

टोपीत सहा निघाल्या.

तीनशे. लॅस्कम.

आता कोणी हसलं नाही. पोलार्डने टोपी उलटीपालटी करून अस्तर फाडून पाहिलं. काही नाही. ग्रिंडले उठला, मामांच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने मामांचे दोन्ही हात टेबलावर दाबून धरले.

"ह्या खेपेला तू लिहायचंच नाहीस. लिहा रे तुम्ही तिघं. माझा साठच आहे, पोलार्ड, तूच लिही."

तिघांनी लिहिलं. टाक खाली ठेवले.

तरी आवाज येतच होता...

कागदावर टाक फिरल्याचा. खर्र... खर्र... सावकाश, कोणीतरी नीट अक्षर काढत असल्यासारखा. टेबलावरचे सगळे टाक जागच्या जागी पडले होते.

मग तो आवाज थांबला.

टोपीत चार चिठ्ठ्या असायला हव्या होत्या. पाच होत्या. पाचवीवरची शाई ओली होती, ग्रिंडलेच्या अंगठ्याला लागली. त्याने मामांचे हात झटकन सोडले. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं शाईने काळी झाली होती.

एवढा दांडगा माणूस, पण त्याची बोबडी वळली. "घे... घे ते चित्र. माझ्या बावीस गिनी दे आणि चालता हो इथून. पुन्हा आमच्यात येऊ नकोस."

मामांनी पैसे टाकले, चित्र बगलेत मारलं आणि जिना उतरले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उजाडताच ते चित्र घेऊन लेटीच्या दारात उभे राहिले.

लेटीनेच दार उघडलं. काळ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. पण मामांना पाहून तिचा चेहरा उजळला.

"काका! मला वाटलंच होतं तुम्ही येणार. तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसले उपकार, पोरी?"

"मी काल लिलावाला आले होते. मागे दाराशी उभी होते, तोंडावर जाळी घेऊन. तुम्ही तीनदा ओरडलात, तीनशे म्हणून. तुमचा आवाज मी ओळखणार नाही का? त्या मेल्या लिलाववाल्याला ऐकू कसं आलं नाही? आणि शेजारचे सगळे बहिरे झाल्यासारखे बसले होते!"

मामांना हो म्हणता आलं असतं. सुटले असते. पण त्यांच्याने ते होईना.

"लेटी," ते म्हणाले, "मी काल तोंड उघडलं नाही. तुझ्या बाबांना शब्द दिला आणि गप्प बसलो. लाज वाटते मला."

"काहीतरीच काय बोलता! मी ह्या कानांनी..."

ती मध्येच थांबली.

आतून आवाज आला. थर्कल ज्या खोलीत वारले, त्या खोलीतून. दार बंद होतं.

"तीनशे!"

आवाज मामांचा होता.

लेटीने आधी त्या दाराकडे पाहिलं. मग मामांच्या तोंडाकडे. मामांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"तीनशे!" पुन्हा आला. ह्या वेळी जवळून, दाराला तोंड लावून बोलल्यासारखा.

चित्र तिच्या हातात देऊन मामा जे निघाले ते थेट घरी. त्या खोलीत कोण होतं, ते लेटीने पाहिलं की नाही, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. वर्षभरात ते चित्र कुणीतरी तीनशेला घेतलं आणि तिचं घर तिला राहिलं, एवढं मात्र खरं. मामा नंतर चौदा वर्षं जगले, पण लिलावघराची पायरी चढले नाहीत.

मी चढतो. माझंही पोट ह्याच धंद्यावर आहे, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी मीही ठरवून गप्प बसतो. अशा वेळी मी तळहात तोंडावर दाबून धरतो. शेजारचे विचारतात, दात दुखतोय का? मी मान हलवतो.

मला फक्त खात्री करायची असते, की ते मिटलेलं आहे.