लोखंडी कपाटातला पाहुणा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या घरात घडली ती कौमुदी आजही ती सांगताना दाराकडे पाठ करून बसत नाही.

साल २००७. गाव इंगोलश्टाट, जर्मनी. दिवस दसऱ्याचा, आणि वेळ भर सकाळची. भुताटकीला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी तर पुढे वाचावंच.

कौमुदीचा नवरा हृषिकेश गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. पुण्यात असताना भिंतीवर पाल दिसली तर खुर्चीवर चढणारा माणूस. इथे येऊन त्याला नाद लागला जुन्या लष्करी रायफलींचा. नेमबाजीच्या क्लबात गेला, परीक्षा दिली, परवाना काढला. मग मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आलं, आणि कपाटात एकेक रायफल.

कायदा असा, की किल्ली फक्त परवाना असलेल्याकडे. बायकोलासुद्धा द्यायची नाही. हृषिकेश ती गळ्यात घालायचा, जानव्याच्या जोडीने.

नवी रायफल आली की इंटरनेटवरच्या एका फोरमवर तिचे फोटो टाकायचे. जगभरचे हौशी तिथे आपापली खरेदी मिरवत. कौतुकाच्या चार ओळी आल्या की स्वारी आठवडाभर हवेत.

त्या वर्षी आली ती पहिल्या महायुद्धातली माउझर रायफल. आणि दसऱ्याला त्याच्या मनात आलं... शस्त्रपूजा! आजवर स्क्रू-ड्रायव्हर आणि लॅपटॉप पूजले होते. आता घरात खरंखुरं शस्त्र होतं.

पाटावर माउझर. तिच्यावर सुपरमार्केटातली शेवंती, कुंकू, अक्षता. समोर पूजेचं पुस्तक. आवाहन सुरू झालं...

आणि बेल वाजली.

क्लबातले ब्रांडलसाहेब त्याला स्पर्धेला न्यायला आले होते. जर्मन माणूस दारात ताटकळत नाही. हृषिकेशने घाईघाईत माउझर कपाटात ठेवली, दुसरी रायफल घेतली आणि निघाला.

“अरे, आणि पूजा?” स्वयंपाकघरातून कौमुदी ओरडली.

“आल्यावर करतो गं पुरी!”

आल्यावर कोण करतंय! श्रीखंड-पुरी जेवून स्वारी घोरत पडली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. हृषिकेश ऑफिसात, लहानगी स्वरूपा किंडरगार्टनमध्ये. कौमुदी एकटीच भाजी चिरत होती.

मागच्या खोलीतून आवाज आला.

खट्... सर्रर्र... खट्.

रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, मागे ओढून पुढे ढकलल्याचा. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

“हृषी? लवकर आलास?”

ती हात पुसत तिकडे गेली.

खोलीत कोणी नव्हतं. कपाट बंद. फक्त वास येत होता... ओल्या मातीचा आणि ओल्या लोकरीचा.

तिने ऑफिसात फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. निदान तसं सांगण्यात आलं. कौमुदीचा काही विश्वास बसला नाही. हा दुपारचा चोरून घरी येतो, रायफलींशी खेळतो आणि पळतो, अशी तिची खात्री झाली. घरात पोर आहे, आणि बापाला याची शुद्ध नाही!

संध्याकाळी ती भांडायच्या तयारीतच होती. पण तोच आधी तणतणत आला.

“तू माझं कपाट उघडलंस?”

“मी? किल्ली तुझ्या गळ्यात!”

“मग हे काय?”

आदल्या रात्री त्याने माउझरचा फोटो फोरमवर टाकला होता. कार्ल्सरूहेच्या एका जुन्या संग्राहकाने खाली लिहिलं होतं, ‘वा! नळीच्या तोंडाला चिंधी अगदी खंदकातल्या सैनिकांसारखी बांधलीयस. चिखल जाऊ नये म्हणून ते तशीच बांधायचे.’

फोटो काढताना हृषिकेशचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आता कपाट उघडून बघतो तर चिंधी खरोखरच होती. घट्ट, सराईत हाताने बांधलेली.

आणि ती कौमुदीच्या निळ्या चौकड्यांच्या टॉवेलची होती. स्वयंपाकघरात टॉवेल टांगलेला होता... एक पट्टी फाडलेला.

“तुझा टॉवेल, तुझं घर. आणि मी खोटारडा?”

“फोरमवर वाहवा मिळवायला तूच फाडलास! कबूल कर ना!”

लग्नाला सात वर्षं झाली होती, पण असं भांडण कधी झालं नव्हतं. दोघं एकमेकांवर पाळत ठेवायला लागले. तो कपाटाच्या फटीत केस अडकवून जायचा. ती त्याच्या बुटांचे तळ बघायची. केस जागच्या जागी असायचा. बूट कोरडे असायचे.

आणि दुपारी आवाज यायचा.

खट्... सर्रर्र... खट्.

त्या घरात आता कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. कौमुदीने मनाशी ठरवलं... हे कपाट जाईल, नाहीतर मी पोरीला घेऊन पुण्याला जाईन.

मग तो शनिवार उजाडला.

घरात स्वरूपाचा आवाज येईना. कौमुदी शोधत मागच्या खोलीत गेली. पोर कपाटासमोर मांडी घालून बसली होती. आपली ताटली तिने कपाटाच्या दारापाशी सरकवली होती. ताटलीत अर्धी पोळी.

“स्वरू! इथे काय करतेस?”

“एअर हाट हुंगर,” स्वरूपा म्हणाली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. त्याला भूक लागलीय.

“कोणाला?”

पोरीने कपाटाकडे बोट केलं. मग आईला नीट कळावं म्हणून आठवून आठवून मराठीत म्हणाली,

“बाबाने बोलावलं. बसवलं. आणि... जेवायला नाही दिलं.”

कौमुदीने पोरीला उचललं आणि थेट बाहेरच्या खोलीत आली. दारात हृषिकेश उभा होता. त्यानेही ऐकलं होतं. त्याचा चेहरा बघून तिला पहिल्यांदा पटलं की हा माणूस खोटं बोलत नव्हता. आणि त्याच क्षणी तिला जास्त भीती वाटली. कारण मग उरलं कोण?

पुण्याला फोन लावला. सासऱ्यांनी, वासुदेवरावांनी, सगळं ऐकून घेतलं.

“आवाहन कोणाचं केलंस?” त्यांनी मुलाला विचारलं.

“देवीचं... म्हणजे, नाव घ्यायच्या आधीच बेल वाजली, बाबा.”

“म्हणजे नुसतंच या, बसा?”

“हो...”

“अरे गाढवा! त्या बंदुकीवर कोणाकोणाचे हात होते, कोण कुठे उपाशी मेलं, तुला ठाऊक आहे? पाहुण्याला पाटावर बसवलंस आणि ताट वाढलं नाहीस. आधी नैवेद्य दाखव. मग उत्तरपूजा कर आणि निरोप दे.”

कौमुदीने पुऱ्या तळल्या. श्रीखंड, भाजी वाढली. ताट कपाटासमोर ठेवलं. हृषिकेशने अक्षता वाहिल्या आणि पुस्तकातून उत्तरपूजेचा मंत्र शेवटपर्यंत म्हटला. या वेळी एक अक्षर गाळलं नाही. दार लोटून तिघं बाहेर येऊन बसली. स्वरूपा पूर्ण वेळ आईच्या मांडीवर होती.

आतून आवाज आला नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. श्रीखंड तसंच होतं. भाजी तशीच होती.

पुऱ्या मात्र नव्हत्या.

माउझर पुढच्याच महिन्यात सगळ्या कागदपत्रांनिशी कार्ल्सरूहेच्या त्या संग्राहकाकडे गेली. हळूहळू बाकीच्याही गेल्या. कपाट गेलं. हृषिकेशने फोरमवर जाणं बंद केलं. घर पुन्हा घरासारखं झालं. नवराबायको चेष्टामस्करी करायला लागले. कौमुदीला वाटलं, सुटलो.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने सासऱ्यांना फोन केला. बोलता बोलता सहज विचारलं,

“बाबा, त्या उत्तरपूजेच्या मंत्राचा अर्थ काय हो? शेवटी ते ‘पुनरागमनाय च’ येतं ते?”

“सोपं आहे गं. आता जा, पण पुन्हा यायचं आहे म्हणून जा. आपण कोणाला कायमचं जा म्हणतो का? म्हणून ते शब्द गणपतीला, देवीला...”

वासुदेवराव बोलता बोलता थांबले.

“कौमुदी... हृषीने तेही म्हटलं होतं का?”

“सगळं म्हटलं, बाबा. तुम्हीच म्हणालात ना, उत्तरपूजा कर.”

पलीकडून वासुदेवरावांनी ‘अरे देवा’ म्हटलं.

“बाबा? मग आता?”

“आता काय...” म्हाताऱ्याचा आवाज एकदम बारीक झाला. “उद्या पुऱ्या जरा जास्त कर.”

ती दर दसऱ्याला करते. मागच्या खोलीत ताट ठेवते आणि दार ओढून घेते.

पुऱ्या उरत नाहीत.