मुंगीची बॅट

"आत्या, ही नको, ती! ती मोठ्ठी!"

भाचीनं बोट दाखवलं आणि आत्यानं त्या बॅटला हात घातला. पण पलीकडून आणखी एका हातानं ती आधीच धरली होती. हात दुकानदाराचा होता. माणूस तरुण होता, उंच होता, आणि नजर... नजर जरा जास्तच हसरी होती.

"ही नाही देणार," तो म्हणाला.

"का? शोभेला ठेवलीय का?"

"विकायलाच आहे. पण हिच्यासाठी नाही."

झालं! आत्याबाईंच्या नाकावर राग कायम मुक्कामाला. "अहो, वाढत्या अंगाची घेतेय मी. पोर काय जन्मभर एवढीच राहणारेय?"

"आत्या, बॅट म्हणजे फ्रॉक नव्हे, खालून दुमडून वापरायला!"

"मी तुमची आत्या नाही!"

"नशीब माझं," तो पुटपुटला... आणि तिचे कान उगाचच गरम झाले.

रविवारी निवड होती. सॉफ्टबॉलच्या संघात एकच जागा उरली होती आणि भाचीनं तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. सगळ्यांत बुटकी, म्हणून मैत्रिणींनी नाव पाडलं मुंगी. चेंडू तिला सगळ्यांच्या आधी दिसायचा हो, पण मैदानावरची ती जड बॅट फिरेपर्यंत तो मागच्या मुलीच्या हातमोज्यात जाऊन बसायचा.

"एका हातानं समोर धर," दुकानदारानं मोठी बॅट मुंगीला दिली. "हात खाली आला नाही, तर तुझी."

मुंगीनं धरली. हात थरथरला, ओठ दाताखाली गेला, डोळ्यांत पाणी आलं... पण हात खाली घेईल तर शपथ! शेवटी दुकानदारच घाबरला.

"अगं, पुरे! कुणावर गेलीय ही?"

"माझ्यावर!" आत्या ताठ मानेनं म्हणाली. पण आतून तिला गलबलून आलं. ही हट्टी पोर रविवारीही अशीच थरथरत उभी राहणार आणि जागा हातची जाणार. तिनं हळूच बॅट काढून घेतली.

"लहान घेतली तर सगळ्या हसतील," मुंगी मुसमुसली.

"हसू देत. चेंडू डोक्यावरून गेला की तोंडं आपोआप मिटतील. चुकलं माझं, आपण तुझ्या हाताची घेऊ. काय हो, बघत काय बसलात? दाखवा की!"

तो खरंच बघत बसला होता... तिच्याकडे. गडबडीनं त्यानं बॅटा काढल्या. मुंगीनं एक फिरवली, नाक मुरडलं. दुसरी फिरवली आणि सुंईऽ असा आवाज झाला. मुंगी रडता रडता हसली.

"रविवारी काय झालं ते कळवाल?" त्यानं विचारलं.

"कळवायचं कशाला? या की बघायला," आत्या बोलून गेली आणि घरापर्यंत स्वतःच्याच धिटाईला लाजत राहिली.

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून बसवलेले केस.

"दुकान?"

"बंद ठेवलं."

"रविवारचं गिऱ्हाईक सोडून?"

"एक सांगायचं होतं... तुमचा तोरा आवडला मला. म्हणजे... तुम्हीच आवडलात."

तिनं घाईघाईनं मैदानाकडे बोट केलं. "थांबा हो! आधी तिला मारू द्या."

मुंगीचा पहिला फटका हुकला. दुसराही हुकला. कुणीतरी फिसकन हसलं. आत्यानं डोळे मिटले, पण राहवेना म्हणून पुन्हा उघडले... आणि टण्ण! चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट कुंपणापलीकडे! मुंगी धावली, फेरी पुरी करून आली, आणि प्रशिक्षकबाईंनी संघाची टोपी तिच्या डोक्यावर चढवली.

आत्या केव्हाच बाकावर चढली होती. "आमची आहे ती! आमची मुंगी!"

"नुसती आमची?" तो खालून ओरडला. "मी कुणीच नाही का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मघापासून अडवून धरलेलं उत्तर ओठांवर आलं.

"आपली," ती म्हणाली. मग अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "आपली मुंगी!"