पिंजूचा पेटारा

"ताई, येऊ का बाहेर?"

हा आवाज मी या कानांनी ऐकलाय. कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. आठवलं की भीती वाटतेच... पण भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते.

आम्ही तेव्हा कापडगिरणीच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण. माझी आत्या.

दुधाचे दात पडायच्या वयात ती गिरणीत लागली होती. तिच्याच कमाईवर बाबा शिकले. तिच्या बोटांची टोकं धागे सांधून गुळगुळीत झाली होती, आणि छातीत कायम घरघर. श्वासासोबत आत अजून गिरणीतलं यंत्र, एखादा साचा, फिरत असावा, तशी.

तिचा एकच हट्ट होता. घरात कशालाच झाकण लावायचं नाही. पेटी, डबा, पेटारा, सगळं उघडं.

"आमच्या घरात झाकणांना कायमची सुट्टी!" बाबा म्हणायचे.

आम्ही खो खो हसायचो.

आत्या कधी हसली नाही.

तिला एक धाकटी बहीण होती म्हणे. कापसाच्या पिंजेसारखी हलकी, म्हणून सगळे पिंजू म्हणत. लहानपणीच गेली. तापाने, असं घरात सांगायचे.

त्या दिवशी रविवार होता. भरदुपार. गिरणी बंद, त्यामुळे भिंतींची रोजची थरथर थांबलेली. इतकं शांत, की शांततेनेच दचकायला व्हावं.

मी वाळलेले कपडे वेताच्या पेटाऱ्यात भरले. सवय नसताना झाकण लावलं. आणि दमून त्यावरच टेकले.

तेवढ्यात...

खालून टकटक झाली.

उंदीर असेल, म्हटलं.

पुन्हा टकटक. हलकी. बोटाच्या पेराने केल्यासारखी.

मग माझ्याखाली झाकण उचललं गेलं. अगदी थोडं. लहान मूल पाठीने रेटतं ना... तसं.

"ताई, येऊ का बाहेर?"

मी किंचाळून उठले. झाकण भिरकावलं.

आत माझेच कपडे. पण त्यांच्या मधोमध एक खळगा पडला होता... गुडघे पोटाशी घेऊन कोणी बसावं, एवढा.

हात लावला. ऊब होती.

बोटांना पांढरी पिंज चिकटून आली.

वळून पाहिलं तर दारात आत्या.

"वर बसली होतीस?"

"आत्या, आत कोणीतरी..."

"लगेच उठलीस ना? सांग ना गं, लगेच उठलीस?"

"हो."

"बरं केलंस, बाई माझी," म्हणत तिने चौकट धरली.

मग ती बोलली.

"पिंजूला ताप नव्हता आला. गिरणीत तपासणीचे साहेब यायचे. एवढ्या बारक्या पोरी कामाला ठेवायला बंदी होती ना. साहेब फाटकाशी आले की मुकादम शीळ घालायचा. चालत्या साच्यांखाली पिंज झाडणाऱ्या पोरी रांगत निघायच्या आणि सुताच्या पेटाऱ्यांत शिरायच्या. झाकणावर थोरली पोर बसवायचे. तिने 'ये' म्हटल्याशिवाय आतलीने बाहेर यायचं नाही. पिंजूच्या पेटाऱ्यावर मला बसवलं."

"मग?"

"साहेब हलेचनात. यंत्रांच्या धडधडीत मला काही ऐकूच आलं नाही."

मी तिला जवळ घेतलं. तुझा काय दोष, म्हटलं. तिने मान फिरवली.

तो आवाज त्या दुपारी ताई कोणाला म्हणाला, तिला की मला, हे मला आजही कळलेलं नाही. आणि मी 'ये' म्हणायचं सोडून किंचाळले, हेही विसरता येत नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी आत्या अंथरुणाला खिळली. एका सकाळी मी तिचे पाय चेपत होते. ती छताकडे बघत होती.

"साहेब केव्हाच गेले होते गं," ती म्हणाली.

माझे हात थांबले.

"खालून रेटत होती ती. मला कळत होतं. पण पहाटेपासून उभी होते. गिरणीत बसलेली दिसले की मुकादमाचा पट्टा पाठीवर. त्या दिवशी पहिल्यांदाच मला कोणी ऊठ म्हणत नव्हतं... म्हटलं, अजून जरा बसते."