लाल फितीची होडी

"आज पिवळं दिसत न्हाई," गौतमी म्हणाली. तिचा चेहराच उतरला.

"तुझी ताई काय घड्याळ लावून धुणं धुते व्हय? थांब की जरा," तिचा चुलतभाऊ अमोल करवंदं चघळत म्हणाला.

गौतमी कपाळावर हाताचा आडोसा धरून धरणाच्या पाण्यापलीकडे बघत राहिली. तिच्या सुलक्षणाताईला पल्याडच्या वाडीत दिलं होतं. रोज सकाळी ताई तिथल्या खडकावर पिवळी साडी वाळत घालायची. आमचं बरं चाललंय, असा तो निरोप! थोड्या वेळानं पलीकडे पिवळा ठिपका उमटला, तेव्हा कुठं गौतमीच्या जिवात जीव आला.

"तू जाऊन भेटत का नाहीस तिला?" जुईलीनं विचारलं. जुईली पुण्याची. मे महिन्याच्या सुट्टीत ती गौतमीकडे राहायला आली होती.

"कशी जाऊ? रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा. दोन एसट्या, वर पायपीट. आईला भाताच्या राबाची पानं-गवत भाजायच्या कामातून सवड न्हाई आणि मला एकटीला सोडत न्हाईत." गौतमीचा आवाज बारीक झाला. "ताईची छकुली आमच्याच घरी जन्मली. तिला दुसऱ्या कुणाकडं झोपच यायची न्हाई, माझ्याच मांडीवर लागायची. आता चालायला लागली म्हणं. मला पार विसरली असंल."

जुईलीनं काठावरच्या पत्र्याच्या खोपटाकडे बघितलं. पाणी ओलांडायची सोय तिथंच, कुलूप लावून ठेवलेली होती.

ती सोय म्हणजे एक होडी. पुण्यातल्या एका कचेरीतली माणसं दरवर्षी पगारातून थोडं थोडं बाजूला काढून एखाद्या गावाच्या लहानशा कामाला हातभार लावत. जुईलीचे बाबा त्यांच्यातलेच. गौतमीच्या वाडीतल्या बायकांच्या बचत गटानं त्यांच्याकडे होडी मागितली. गावानं श्रमदान करून काठ नीट केला, खोपट उभारलं. दिवाळीला होडी आली. तिच्याबरोबर अंगात घालायची केशरी जॅकेटंही आली. झालं! गावच्या समितीचे अध्यक्ष हैबतराव यांनी होडीच्या नाकावर लाल फीत बांधली आणि फर्मान काढलं, "मोठा पाहुणा आणून फीत कापल्याबिगर कुणी आत पाय ठेवायचा न्हाई."

पाहुणा दिवाळीचा संक्रांतीवर गेला, संक्रांतीचा होळीवर. पाहुणा काही येईना आणि होडी काही निघेना. कोरं ताट फडताळात ठेवायचं आणि पोचे पडलेल्या ताटात जेवायचं, ही आपली जुनी खोड. तिला कोण काय करणार?

गौतमी मात्र रोज खोपटाच्या फटीतून होडीकडे डोळे भरून बघून यायची. त्या दिवशीही तिनं फटीला डोळा लावला आणि ती दचकली.

"अमोल, हितं ये. वल्ही ओली हायेत."

"पत्रा गळत असंल."

"भर उन्हाळ्यात? आणि जॅकेटांच्या पिशव्या फाडल्यात बघ. फितीची गाठ पण येगळी हाय. कुणीतरी होडी वापरतंय."

"भूत असंल," अमोल म्हणाला आणि स्वतःच दोन पावलं मागं सरला.

"भूत जॅकेट घालून बसतं का रे?" जुईली म्हणाली. "बुडायची भीती त्याला कशाला?"

दुपारी वाडी सुस्तावली, तेव्हा तिघं करवंदाच्या जाळीआड दबा धरून बसली. काटे टोचत होते, पण हूं की चूं कुणी केलं नाही. तेवढ्यात खोपटाशी एक जीप थांबली. हैबतरावांचा मुलगा जयसिंग खाली उतरला. रिहे गावाकडच्या एका फार्महाऊसवर तो राखणीला होता. त्याच्यामागून गोल टोपी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या घरची माणसं उतरली. जयसिंगनं कुलूप काढलं, फीत अलगद सोडून खिशात घातली, पाहुण्यांना जॅकेटं चढवली आणि होडी पाण्यात लोटली.

"उद्या पण याच वेळेला या, बंडोपंत," परत आल्यावर तो टोपीवाल्यांना म्हणाला आणि त्यानं फीत जशीच्या तशी बांधून टाकली.

गौतमीचे डोळे भरून आले. "आमी नुसतं बघायचं आणि ह्यांनी फिरायचं. त्या होडीतनं मी सहा महिने आधीच ताईकडं गेले असते गं."

"मी बाबांना फोन करते," जुईली रागानं म्हणाली.

"नको. मग तुझे बाबा काय म्हणतील? ह्या गावाला दिलं ते वाया गेलं. बायकांना आता बालवाडीसाठी मदत मागायचीय. गावाचं नाव जाईल."

"मग ह्यांना असंच सोडायचं?" अमोल म्हणाला.

गौतमी टोपीवाल्यांच्या जीपकडे बघत होती. जीप वळणाआड गेली आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. "हैबतआबांना मोठा पाहुणाच पायजे ना? मग उद्या येतोच की."

तिघं पळत गोजराबाईकडे गेली. गोजराबाई म्हणजे बचत गटाची म्होरकी. होडी मागायला तीच पुण्याला गेली होती. सगळं ऐकून तिनं पदर खोचला. "माझे पोरी, एवढी अक्कल आमच्या समितीला असती तर! जा, नारळ घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी जयसिंग होडी काठाला लावतो न लावतो तोच जाळीमागून सगळ्या बायका ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आल्या. जयसिंगचं तोंड एवढंसं झालं. गोजराबाईनं बंडोपंतांना कुंकू लावलं. "या पाहुणं. तुमच्या हातनं उद्घाटन व्हायचं आमच्या नशिबी हुतं."

"माझ्या हातून?" बंडोपंत गोंधळले, पण खूश झाले. "अहो, मी साधा निवृत्त शिक्षक."

"मग तर फारच मोठे," जुईली म्हणाली.

तेवढ्यात फेटा गुंडाळत हैबतराव धापा टाकत आले. 'पुण्यावरनं मोठे पाहुणे आलेत' असा निरोप अमोलनं त्यांना नेमका वेळेवर पोचवला होता. त्यांनी होडी बघितली, भिजलेला मुलगा बघितला, त्याच्या खिशातून लोंबणारी लाल फीतही बघितली. आख्ख्या वाडीसमोर त्यांनी फेटा तेवढा सारखा केला. गोजराबाईनं फीत खिशातून ओढली, होडीला बांधली आणि कात्री बंडोपंतांच्या हातात दिली. फीत कापली गेली, नारळ फुटला. हैबतरावांनी निमूट टाळ्या वाजवल्या.

"जयसिंगा," गोजराबाई म्हणाली, "वल्हवायला तू शिकलाच हायेस. आता रोज वाडीला वल्हव. फुकट." मग तिनं गौतमीच्या पाठीवर हात ठेवला. "पोरांनी गावाची लाज राखली. पहिली खेप हिची."

केशरी जॅकेट घालून गौतमी बसली. शेजारी आई, मागे जुईली आणि अमोल. पिवळा ठिपका मोठा होत होत साडी झाला. ताई गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती, कडेवर छकुली.

"छकुले," गौतमीनं हात पुढे केले. छकुलीनं परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि ताईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"विसरली," गौतमी म्हणाली. तिला रडू आवरेना.

"विसरंल कशी? रोज सकाळी साडी वाळत घालताना इचारते मी तिला," ताई म्हणाली. "छकुले, मावशी कुठाय गं?"

छकुलीनं डोकं वर काढलं. समोर उभ्या गौतमीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. इवलंसं बोट उचलून तिनं पाण्यापलीकडचा काठ दाखवला. गौतमी जिथं रोज उभी राहायची, तोच.

गौतमीनं वळून तिकडे बघितलं. इथून ती जागा केवढीशी दिसत होती. मग डोळे पुसून तिनं छकुलीचं ते बोट हातात धरलं.

"व्हय गं," ती म्हणाली, "तितनंच आलेय मी."