अहवालावरचं नाव

अमरावतीहून निघालेली एस.टी. बोरगाव मंजूच्या अलीकडे बंद पडली. एप्रिलचं ऊन असं, की कंडक्टरशी भांडायलाही कुणी उतरेना. रस्त्याकडेला कडुनिंब एकच, आणि त्याची सावली आखूड. एका तरुणानं जरा सरकून त्यातला अर्धा वाटा पौर्णिमाला दिला.

"अकोल्याले?"

"हो. विकायले काढलेल्या एका विमा कंपनीची किंमत काढायले."

"किंमत? अन् थे कशावर काढता... वजनकाट्यावर?"

त्याचे डोळे ओठांच्या आधी हसत होते. पौर्णिमाला समजावून सांगायची खोडच होती.

"शेजारीण यात्रेले जातानी तिचे दागिने तुमच्या कपाटात ठेवून गेली, तर तुमी श्रीमंत झाले का?"

"ती येईपर्यंत तं मिरवून घेईन!"

"विमा कंपनीचं तसंच. हप्ते आधी येतात, भरपाई मागून द्यावी लागते. म्हणून तिजोरी पाहून भुलायचं नाही. देणं वजा करायचं. उरेल तेवढं कंपनीचं स्वतःचं. मंग पाहायचं, त्या स्वतःच्या पैशावर ती कमावते किती. दमदार कमावत असेल तर घेणारा उरल्यापेक्षा जास्त मोजतो. नसेल तर कमी."

"अन् देणं किती, हे कोण ठरवते?"

"दावे विभाग. तोच ढिला आहे म्हणे तिथला."

"अस्सं—" म्हणून तो रस्त्याकडे पाहू लागला.

त्याच दुपारी कंपनीच्या साहेबांनी ओळख करून दिली, "हे गजेंद्र. आमचा दावे विभाग हेच पाहतात."

"नमस्कार," गजेंद्र गंभीरपणे म्हणाला. "ढिल्या विभागात स्वागत आहे तुमचं."

पौर्णिमाचे कान तापले. तिनं मान खाली घालून फायली मागितल्या.

हा अहवाल तिच्यासाठी साधा नव्हता. आजवर तिनं दुसऱ्यांचे आकडे तपासले होते; खाली सही नेहमी तिच्या वरिष्ठ आबेदा मॅडमची. यंदा मॅडम म्हणाल्या होत्या, "बेटा, हा तुझ्या नावानं जाईल. कायदा एकच. ज्याची किंमत काढायची, तिथल्या कुणाशी आपलं नातं नको."

नातं कसलं? टेबलावर रोज गजेंद्रकडून ताकाचा ग्लास यायचा, एवढंच.

"ही लाच का?" तिनं विचारलं.

"ताकाले लाच म्हटलं तर उन्हाळ्यात अख्खं अकोला तुरुंगात जाईन."

ती हसली... आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

कंपनी गोदामांचे, तेलगिरण्यांचे, कापसाच्या जिनिंगचे विमे उतरवायची. जिनिंगला आग लागली, की नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरचा कागद हाती आल्यावरच भरपाईची रक्कम बाजूला काढायची, ही तिथली जुनी रीत. आता आगी लागतात हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चात उन्हं तापताना. सर्व्हेअरचा कागद येतो पावसाळ्याच्या तोंडावर. आणि हिशेब मिटतो मार्चअखेर! म्हणजे देणं उभं असूनही हिशेबात दिसत नाही, आणि कंपनी असते त्याहून गुटगुटीत दिसते.

पौर्णिमाला हे उमगलं तेव्हा तिनं गजेंद्रला सरळच विचारलं, "कागद न आलेल्या आगी किती?"

त्याच्या उत्तरानं त्याच्याच कंपनीची किंमत उतरणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तीन," तो म्हणाला. "त्यातली एक मोठी. मी सोता पाहून आलो. अंदाज लिहून देतो."

"साहेब चिडतील तुमच्यावर."

"चिडू द्या. उद्या घेणाऱ्याले समजलंच असतं. मंग त्यानं मले ढिला म्हटलं असतं. अन् थे... तुमच्याच तोंडून बरं वाटते."

पौर्णिमानं देणं वाढवलं, किंमत उतरवली. हात जराही अडखळला नाही. अडखळलं ते दुसरंच काहीतरी.

अमरावतीला परतल्यावर अहवाल छापून तयार झाला. आबेदा मॅडमनी चष्मा लावला आणि प्रत्येक वेळी विचारायच्या तसं विचारलं, "तिथल्या कुणाशी नातं?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! पौर्णिमा म्हणाली, "मॅडम... माझं मन अडकलंय. दावे विभागाच्या गजेंद्रमध्ये."

मॅडमनी चष्मा काढला. "किंमत वाढवली त्याच्यापायी?"

"उलट कमी केली."

"त्याले माहीत आहे?"

"नाही."

"मग नातं कुठं झालं? आकडे तर आपल्या ऑफिसातला शिवम पुन्हा तपासेलच. पण नाव ठेवायचं की काढायचं, ते त्याच्या उत्तरावर. लाव फोन. इथंच."

पौर्णिमानं फोन लावला.

"गजेंद्र, एक विचारायचं होतं. तुमी मले... म्हणजे, माझ्या मनात तुमच्याविषयी काही आहे. तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा. काही बिघडत नाही. माझा पहिला अहवाल माझ्या नावानं जाईल. असेल, तर नाव काढावं लागेल."

मॅडम खिडकीबाहेर पाहण्याचं नाटक करत होत्या.

"लई मेहनतीचा अहवाल आहे तुमचा," गजेंद्र म्हणाला.

"हो."

"मंग मले माफ करा, पौर्णिमा... पण नाव काढायले सांगा."