काउंटेसचं कुंकू

ऐक गौरांगी, मेणबत्ती आहे तोवर सांगून टाकते. वीज येईपर्यंत तुला तरी दुसरं काय काम आहे?

२००९ची गोष्ट. कॅनडात, हॅलिफॅक्सला मी युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये होते. संक्रांतीनंतरचा शनिवार. तिथल्या मैत्रिणीकडचं, सुरेखाकडचं हळदीकुंकू आटोपून मी फोनचा चार्जर आणायला म्युझियममध्ये गेले. तो हवाच होता, कारण रात्री पुण्याहून अरविंदभावजी, माझे दीर, फोन करणार होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं : “दिलीपशी लग्न करायचं तर खुशाल करा वहिनी, पण तनय आमच्या घरचा मुलगा. त्याला इकडे पाठवा.” माझा तनय तेव्हा दहा वर्षांचा. दिलीपला नाही म्हणायचं, असं मी रडतरडत ठरवूनच टाकलं होतं.

त्यात सुरेखाने जखमेवर मीठ चोळलं. तिच्याकडे हळदकुंकवाची चांदीची कोयरी नव्हती, म्हणून माझीच मागून घेतली. आणि माझीच कोयरी मला ओलांडून पुढच्या बाईकडे गेली. विधवेला नुसता तिळगूळ! म्हणे गोड बोला.

खालच्या हॉलमध्ये एका फ्रेंच काउंटेसच्या थडग्यावरचा दगडी पुतळा नुकताच आला होता. आडवी पडलेली, हात जोडलेली बाई. नवरा गेला तेव्हा हिचा मुलगा लहान. त्याच्या नावाने हिनेच कारभार हाकला. पुढे दुसरं लग्न ठरलं, तर सरदार म्हणाले, मुलगा आमच्या ताब्यात द्या. हिने लग्नही केलं आणि मुलगाही सोडला नाही.

“तुझं बरं होतं बाई,” मी म्हटलं, “हाताशी सैन्य तरी होतं.” कोण जाणे काय झालं, डोकंच फिरलं. पर्समधली कोयरी काढली आणि अंगठ्याने तिच्या कपाळावर कुंकू ओढलं. “घे! मला नाही तर तुला तरी.” कुणी पाहिलं असतं तर नोकरीच गेली असती.

तेवढ्यात लाइट गेले.

बाहेर बर्फाचं वादळ घोंघावत होतं. हीटिंगचा आवाजही थांबला. मग वास आला, विझलेल्या मेणबत्तीचा. आणि कापड सरकल्याचा आवाज... जड कापडाचा, फरशीवरून, माझ्याकडे येणारा...

“कोण आहे?... हू इज इट?”

माझ्या कपाळाला गारगार बोट टेकलं. थांबलं... पुन्हा टेकलं. आधी हळद, मग कुंकू. आपल्यात लावून घेतलेलं परत लावतात ना, तसं. खरं सांगते, रडू आलं ते भीतीचं नव्हतं. तनयचे बाबा गेल्यापासून त्या जागी कुणी बोट लावलं नव्हतं गं.

लाइट आले. काउंटेस जागच्या जागी, हात जोडून. मी धावत वॉशरूममध्ये जाऊन आरशात पाहिलं. कपाळावर हळदकुंकू होतं. ते तसंच ठेवून घरी गेले.

रात्री भावजींचा फोन आला. मी म्हटलं, “लग्न जूनमध्ये आहे, भावजी. अक्षता तनय वाटणार आहे. तो माझ्याजवळच राहील. तुम्ही जरूर या.”

भावजींनी आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, “बरं वहिनी. येतो.” आणि आलेसुद्धा!

सोमवारी पुतळा पुसायला गेले. तिच्या कपाळावर माझ्या अंगठ्याचा फराटा होताच. पण जोडलेल्या हातांतल्या उजव्या अनामिकेच्या टोकालाही पिवळ्यावर लाल लागलेलं होतं.

मी तर रागाने अंगठ्याने ओढलं होतं, गौरांगी. कुंकू अनामिकेने लावायचं, हे तिला कुणी सांगितलं?