दोन इंचांची उचल

नातेवाइकांची गाडी हातात घ्यायची नाही, असा मिस्त्रीचा नियम होता. काम बिघडलं तर गिऱ्हाईक एकदाच बोलतं, बहीण जन्मभर बोलते.

पण धाकटी ऐकणाऱ्यातली नव्हती. नदीपलीकडच्या वस्त्यांची ती नर्स. तिची सव्वीस वर्षांची फोर-व्हील गाडी दर फेरीला दगडांवर पोट घासून यायची.

"दादा, तेहतीस इंची टायर बसव. आणि गाडी चार इंच उचल."

"वेडी आहेस का? चार इंच उचलली तर वळणावर कलंडेल. तेहतीसचे टायर मडगार्डला घासतील आणि हे म्हातारं इंजिन चढावर धापा टाकेल." तो गुडघ्यावर बसून दाखवू लागला. "हे बघ. स्प्रिंगचे हे पाटे बदलले की बॉडी वर जाते, चाकं जोडणारा एक्सल तिथंच राहतो. एक्सलला वर उचलतो तो टायर. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. एकतीस इंची टायर, दोन इंच उचल. त्यापुढे हट्ट नको."

"पलीकडच्या त्या पोरीला नववा लागलाय. मूल आडवं आहे. ऐन वेळी पाणी चढलं तर?"

"तर जायचं नाही."

तिनं किल्ली त्याच्यापुढे ठेवली आणि चालू लागली. तिच्या आरडाओरड्याला तो भीत नसे, पण हे असं निघून जाणं त्याला सोसायचं नाही.

काम दोन दिवसांत उरकलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत आधी सतरा इंच होते, आता एकोणीस. चारी कोपऱ्यांत तंतोतंत एकोणीस. तिथं तो जरा थबकला. जुनी गाडी कुठे ना कुठे झुकलेली असतेच. मग म्हणाला, हात बसलाय आपला.

दुसऱ्या सकाळी टेप साडेएकोणीस दाखवू लागला.

नवे पाटे वजनानं खाली बसतात. वर येत नाहीत. त्यानं दुसरा टेप आणला. साडेएकोणीसच. बोल्ट सोडून पाहिले, परत आवळले. कशात काही खोट नव्हती. दुपारी गाडीकडे पाठ करून तो जेवत होता, तेव्हा मागे आवाज झाला. जुन्या खुर्चीतून कुणीतरी सावकाश उठावं, तसा. त्यानं वळून पाहिलं. वर्कशॉपमध्ये ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास होता, दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी वीस इंच भरले.

सकाळी धाकटी आली तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. ती खळखळून हसली. "नवे बूट घातले की माणूससुद्धा ताठ चालतो रे!" हसतहसत तिनं पायरीवर टाकायला पाय उचलला. तो पोचला नाही. तिला दाराचा आधार घ्यावा लागला. मग ती हसली नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडच्या पोरीला कळा सुरू झाल्या होत्या.

"नदीला पाणी आलंय," मिस्त्री म्हणाला.

"किल्ली दे, दादा."

त्यानं किल्ली दिली, आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

काठावरच्या खांबावर पाणी चार फुटांच्या रेघेला टेकलं होतं. अडीच फुटांपुढे ही गाडी वाहून जाईल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? धाकटीनं लो गिअर टाकला.

पाणी पायरीखाली राहिलं.

मधोमध आले तरी पायरीखालीच.

इंजिनचा सूर बदलला नाही. एकसुद्धा धक्का बसला नाही.

"दादा, चाकाखाली तळ लागतोय का रे?" ती कुजबुजली.

"पुढे बघ."

येताना मागच्या सीटवर ती पोरगी होती, तिचा हात धरून तिची सासू होती. पाणी आणखी चढलं होतं. सासू म्हणाली, "बाई, गाडी किती अलगद चालवता हो तुम्ही."

अंधार पडायच्या आत तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी झाली, आणि दणकून रडली. धाकटी बाहेर आली आणि लहानपणी टेकवायची तसं तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"तू नाही म्हणाला असतास तर?"

"नाहीच म्हणालो होतो."

"पण आलास."

सकाळी मिस्त्रीनं पुन्हा टेप लावला. एकोणीस. चारी कोपऱ्यांत. त्याच्या जिवात जीव आला. कालचा थकवा, भीती, डोळ्यांचा खेळ, असं काहीबाही मनाशी म्हणत तो टायर धुवायला पाइप घेऊन वाकला. धुण्यासारखं काही नव्हतं.

नव्या टायरवर रबराचे केसासारखे बारीक तंतू असतात. गाडी थोडी चालली की जमिनीवर घासून ते झडतात. काल जाऊन-येऊन साठ किलोमीटर झाले होते, तेही दगडगोट्यांतून.

त्यानं चारी चाकांवरून तळहात फिरवला. टायर जमिनीला टेकतो त्या भागावरसुद्धा एकूण एक तंतू जागच्या जागी होता.

दारात धाकटी औषधांची पेटी घेऊन उभी होती. आज दुसरी वस्ती होती.

"टायर कसे आहेत, दादा? फार झिजले का?"

"नाही," तो म्हणाला. "कोरे आहेत."